तांब्याच्या मुलखातील विसरलेल्या तबकड्या

१९७० च्या दशकात झांबिया या आफ्रिकी देशातील तरुणांना ज्यांच्या गाण्याने वेड लावले होते, त्या इमॅन्युएल चांडा यांच्यावर पुढे रत्नखडे शोधण्यासाठी जमीन खणण्याची वेळ आली. 'विच' या बँडचे ते गायक. इंग्लंडमधील 'रोलिंग स्टोन्स'चे मिक जॅगर यांच्या नावावरून त्यांना 'जगारी' हे टोपणनाव पडले होते. एका पिढीचा हा लाडका गायक पोटासाठी माती उपसत असताना त्याच्या जुन्या तबकड्यांसाठी युरोप-अमेरिकेतील संग्राहक मोठ्या किमती मोजू लागले होते. निर्माता विपन्नावस्थेत आणि निर्मितीला मोल, असा हा विपर्यास. परंतु हा केवळ एका कलावंताच्या दैवाचा प्रश्न नाही. कोणत्या कलाकृती समाजाच्या स्मरणात राहतात, कोणत्या नाहीशा होतात, आणि नाहीशा झालेल्या पुन्हा सापडल्या तर त्यांवर हक्क कोणाचा, असा तो व्यापक प्रश्न आहे.

झांबियाच्या या संगीताला 'झॅमरॉक' असे नाव मिळाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते जन्मले आणि ते दशक संपण्यापूर्वीच त्याचा भर ओसरला. रॉक संगीताच्या दोन धारा त्यात एकत्र आल्या आहेत. पहिली 'सायकेडेलिक'. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या या धारेत स्वप्नवत, काहीशी भ्रमिष्ट मनःस्थिती स्वरांतून उभी करण्याचा प्रयत्न असे. त्यासाठी प्रतिध्वनी, लांबत जाणारे वादन आणि ध्वनिमुद्रणातील नाना करामती योजल्या जात. दुसरी धारा 'हार्ड रॉक'ची. विजेवर चालणाऱ्या गिटारचा धारदार, दणदणीत आवाज, एकच स्वरावली ठासून पुनःपुन्हा वाजविणे आणि ढोलांचा निर्धारी ताल ही तिची लक्षणे. जिमी हेंड्रिक्स, 'डीप पर्पल', 'ब्लॅक सॅबाथ' ही नावे या संगीताशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांच्याही कानावरून गेलेली असतात. झांबियातील तरुणांनी ही गाणी रेडिओवर आणि तबकड्यांवर ऐकली, आत्मसात केली आणि मग त्यांतून स्वतःचे असे काही घडविले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पिढी

ब्रिटिशांच्या अंमलाखालील उत्तर ऱ्होडेशिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया या नावाने स्वतंत्र झाला. केनेथ कौंडा हे पहिले राष्ट्राध्यक्ष. देश गरीब नव्हता. निदान तसे वाटत नव्हते. भूगर्भात तांब्याचे प्रचंड साठे होते आणि निर्यातीच्या उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या तांब्यातून येत असे. किटवे, न्डोला, चिंगोला, मुफुलिरा ही शहरे ज्या पट्ट्यात वसली आहेत, त्याला 'कॉपरबेल्ट' म्हणजे ताम्रपट्टा असेच म्हणतात. खाणींच्या वसाहतींमध्ये निरनिराळ्या जमातींची, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे एकत्र आली. हातात नियमित पगार, संध्याकाळी मोकळा वेळ आणि करमणुकीसाठी वसाहतीतील सभागृह, अशा वातावरणात ही नवी पिढी वाढली. मुंबईतील गिरणगावाने जशी आपली भजनी मंडळे, कलापथके आणि नाटके निर्माण केली, तसेच काहीसे या खाणगावांत घडले.

रेडिओची मुळे तेथे आधीच रुजली होती. १९४९ मध्ये आफ्रिकी श्रोत्यांसाठी बॅटरीवर चालणारा एक स्वस्त रेडिओ बाजारात आला. त्याचा गोल आकार पाहून त्याला 'सॉसपॅन स्पेशल', म्हणजे पातेले-रेडिओ, असे नाव पडले. त्या पातेल्यातून पुढे जगभरची गाणी खेड्यापाड्यांत पोहोचली. स्वतः कौंडा गिटार वाजवीत आणि गात. तथापि विदेशी गाण्यांच्या लोंढ्यात देशातील कलावंत वाहून जातील ही चिंता त्यांना वाटे. रेडिओवरील संगीतापैकी ९५ टक्के झांबियातील असावे असा आदेश त्यांनी काढला आणि स्थानिक बँडांना अनायासे हक्काची बाजारपेठ लाभली.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. १९५२ मध्ये भारताचे नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनाही श्रोत्यांच्या अभिरुचीची अशीच चिंता होती. त्यांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटसंगीताला जवळजवळ हद्दपार केले. श्रोत्यांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे फिरविला आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. कौंडा आणि केसकर या दोघांनीही आज्ञेने रुची घडवू पाहिली. फरक एवढाच की, केसकरांनी लोकांना प्रिय असलेली गोष्ट काढून घेतली, तर कौंडांनी तरुणांना प्रिय असलेली गोष्ट स्वतः निर्माण करण्यास भाग पाडले. पहिल्या आज्ञेतून शेजारच्या देशातील केंद्राची भरभराट झाली. दुसरीतून एक नवा संगीतप्रकार बळावला.

ऐकाव्यात अशा काही तबकड्या

या संगीताचा परिचय करून घ्यावयाचा, तर आरंभ अर्थातच 'विच'पासून करावा लागतो. 'धुमाकूळ घालण्याचा आमचा इरादा आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले. त्यांची 'इंट्रोडक्शन' ही पहिली तबकडी झांबियातील पहिल्या व्यावसायिक एलपी तबकड्यांपैकी एक मानली जाते. तिचे ध्वनिमुद्रण साधे, किंबहुना ओबडधोबड आहे. ढोल आणि गिटार यांचे स्वर एकमेकांवर आदळतात, गायकाचा आवाज अधूनमधून त्यांत बुडतो. परंतु प्रथमच स्वतःचा आवाज तबकडीवर उमटत असल्याचा उल्हास तीत आहे आणि तो लपत नाही. १९७४ ची 'इन द पास्ट' अधिक आत्मविश्वासाने वाजविलेली आहे. १९७५ ची 'लेझी बोन्स' ही या बँडची सर्वांत परिपक्व कृती, असे अनेक जाणकारांचे मत आहे. गिटारचा स्वर मुद्दाम फाडून खरखरीत करणारे 'फझ' नावाचे एक उपकरण असते. त्याचा इतका समर्पक वापर त्या काळात पाश्चात्त्य देशांतील नामवंत बँडांनाही नेहमीच साधला नव्हता. पुढच्या वर्षीच्या 'लुकोम्बो व्हाइब्ज'मध्ये पाश्चात्त्य ठसा पुसट होऊन आफ्रिकी ताल वर येऊ लागतो.

'अमानाझ' या बँडची 'आफ्रिका' ही १९७५ ची तबकडी अगदी निराळ्या प्रकृतीची आहे. न्डोला येथील झांबिया म्युझिक पार्लर या संस्थेने ती काढली. 'विच'च्या संगीतात जत्रेचा उत्साह आहे, तर 'आफ्रिका'त संध्याकाळची उदासी आहे. संथ लय, गिटारचे पाझरत जाणारे स्वर आणि फारसा न चढणारा गायकाचा आवाज यांमुळे ती एकट्याने, रात्री ऐकण्याची तबकडी झाली आहे. तीत इंग्रजी गाण्यांबरोबर 'काले'सारखे देशी भाषेतील गीतही आहे. विशेष म्हणजे या तबकडीची दोन रूपे सापडतात. एकात स्वर कोरडे आणि जवळचे आहेत; दुसऱ्यात त्यांवर प्रतिध्वनीची दाट झालर आहे. तीच गाणी, तेच वादन, परंतु ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम मात्र वेगळा. ध्वनिमुद्रण ही निव्वळ यांत्रिक क्रिया नसून तीही एक कला आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तिसरे नाव पॉल न्गोझी यांचे. 'न्गोझी' या शब्दाचा अर्थ धोका किंवा अपघात. दातांनी गिटार वाजविण्याच्या त्यांच्या करामतीसाठी ते प्रसिद्ध होते. पण त्यांचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. 'न्गोझी फॅमिली' या त्यांच्या बँडच्या १९७६ च्या 'डे ऑफ जजमेंट' आणि १९७७ च्या '४५,००० व्होल्ट्स' या तबकड्यांत कोणतीही नजाकत नाही. मोजके स्वर, उघडावागडा ताल आणि थेट बोलल्यासारखे गाणे. त्यांच्याच वर्तुळातील ढोलवादक व गायक ख्रिसी झेबी टेम्बो यांची 'माय अँसेस्टर्स' ही १९७४ ची तबकडीही याच जातीची. याच्या अगदी उलट 'मुसी-ओ-तुन्या' या बँडची १९७५ ची 'विंग्ज ऑफ आफ्रिका'. व्हिक्टोरिया धबधब्याचे मूळ देशी नाव या बँडने घेतले होते; त्याचा अर्थ 'गर्जणारा धूर'. सुषिर वाद्ये आणि आफ्रिकी ताल यांची भरघोस वीण तीत आहे. या बँडचे प्रमुख रिकी इलिलोंगा यांची त्याच वर्षीची 'झांबिया' ही स्वतंत्र तबकडी मात्र अंतर्मुख आणि हळवी आहे.

नक्कल की निर्मिती?

हे सारे ऐकून एखादा चोखंदळ वाचक म्हणेल की, ही तर पाश्चात्त्यांची नक्कल. तिचे कौतुक ते काय? आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. प्रारंभीच्या काही गाण्यांत इंग्रजी बँडांची छाया स्पष्ट दिसते. तथापि कलेच्या इतिहासात नक्कल हा पुष्कळदा शेवट नसून आरंभ असतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यामागे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. ज्या पेटीच्या साथीवाचून मराठी नाट्यसंगीताची कल्पनाही करता येत नाही, ती हार्मोनियम युरोपातून आली. बालगंधर्वांच्या पदाला कोणी परदेशी म्हणत नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा त्यावर काय वाजविले गेले, हे महत्त्वाचे ठरते.

झॅमरॉकच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. इंग्रजी ही झांबियाची राजभाषा, तर बेम्बा, न्यांजा आदी तेथील लोकभाषा. या बँडांनी दोहोंत गाणी केली. अमेरिकेतील सायकेडेलिक संगीत सुबत्तेला कंटाळलेल्या तरुणांचे होते. झांबियातील संगीत नुकतीच आशा दिसलेल्या आणि ती मावळतानाही पाहणाऱ्या तरुणांचे होते. म्हणूनच वाद्ये तीच, उपकरणे तीच, पण सूर मात्र निराळा.

सूर का थांबले?

या आशेला ओहोटी लागली ती तांब्यामुळेच. १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या आणि १९७४-७५ मध्ये जागतिक बाजारात तांब्याचे भाव कोसळले. एकाच खनिजावर उभी असलेली अर्थव्यवस्था डळमळली. आयात महागली, वाद्ये, तारा, सुटे भाग मिळेनासे झाले. शेजारच्या ऱ्होडेशियात गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध सशस्त्र लढा चालू होता आणि त्या लढ्यातील सैनिकांना झांबियाने आश्रय दिला होता. त्याचे परिणाम हल्ल्यांच्या, संचारबंदीच्या आणि दिवे मालवण्याच्या रूपाने झांबियालाही भोगावे लागले. ज्या संगीताचा प्राण वीज आणि ज्याची वेळ रात्र, त्याला अंधार आणि संचारबंदी मानवणे शक्य नव्हते. कार्यक्रम दिवसाउजेडी करण्याचे प्रयत्न झाले. पुढे चोरून प्रती काढलेल्या ध्वनिफितींनी तबकडीचा धंदा बुडविला आणि डिस्कोच्या लाटेने श्रोत्यांची रुची बदलली.

यावर कळस चढविला तो एड्सने. १९८० च्या दशकापासून या रोगाने झांबियात हाहाकार माजविला. 'विच'च्या मूळ वाद्यसंचातील एकटे जगारी मागे राहिले. इतर सारे काळाआड गेले. पॉल न्गोझी १९८९ मध्ये वारले. या दोघांखेरीज इतर बँडांतील किती वादक त्या वर्षांत गेले, याची गणती कोणी ठेवली नाही. एका पिढीचे संगीत आणि ते वाजविणारे हात जवळजवळ एकदमच नाहीसे झाले. जगारींनी संगीतशिक्षक म्हणून नोकरी केली आणि नंतर ते रत्नखड्यांच्या शोधात खाणींकडे वळले.

दुसरे आयुष्य

तबकडीचे एक वैशिष्ट्य असे की, ती माणसापेक्षा अधिक काळ वाट पाहू शकते. व्हिनाइलवर कोरलेली खाच धूळ, ओल आणि ऊन यांपासून वाचली, तर पन्नास वर्षांनीही सुई टेकताच बोलू लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशी संग्राहकांच्या हाती या तबकड्या पडू लागल्या. लॉस एंजेलिसमधील 'नाऊ-अगेन' या छोट्या कंपनीने २०१० मध्ये इलिलोंगा आणि 'मुसी-ओ-तुन्या' यांच्या गीतांचा संग्रह आणि २०१२ मध्ये 'विच'च्या तबकड्यांचा संच नव्याने प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये झॅमरॉकचा इतिहास सांगणारे दोन संग्रह निघाले. २०१९ मध्ये जगारींवर माहितीपट झाला. तरुण युरोपीय वादकांना सोबत घेऊन साठीपलीकडचे जगारी पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. २०२३ मध्ये 'झांगो' ही 'विच'ची नवी तबकडी आली आणि २०२५ मध्ये 'सोगोलो' ही दुसरी. २०२४ मध्ये टायलर, द क्रिएटर या अमेरिकी रॅप गायकाने 'न्गोझी फॅमिली'च्या १९७७ च्या एका गाण्याचा तुकडा आपल्या गीतात गुंफला आणि ज्यांचे आईवडीलही १९७७ मध्ये लहान होते, अशा मुलांच्या कानांवर पॉल न्गोझींची गिटार पडली.

ही कथा सुखान्त वाटते. परंतु तिचा हिशेब पूर्णपणे जुळत नाही. सन्मान आला तो बहुतेकांच्या मृत्यूनंतर. जुनी तबकडी लिलावात कितीही किमतीला गेली, तरी त्यातील एक छदामही गायकाला मिळत नाही. तो व्यवहार विकणारा आणि विकत घेणारा यांच्यातला. कलावंताच्या हाती काही पडते ते रीतसर करार करून केलेल्या पुनःप्रकाशनातून. म्हणूनच चोरट्या प्रती काढणारा आणि कलावंताला किंवा त्याच्या वारसांना शोधून काढून परवानगी घेणारा, या दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पण तसा शोध घेणारे पुष्कळदा परदेशी असतात, ही बोचणारी गोष्ट उरतेच.

विस्मरणाचे तीन प्रकार

झांबियाचे उदाहरण एकाकी नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय बंधूंनी १९७० च्या दशकाच्या मध्यास 'डेथ' या नावाचा बँड काढला. त्यांचे वादन एवढे वेगवान आणि तिखट होते की, पुढे 'पंक' म्हणून जे गाजले, त्याची पूर्वचिन्हे त्यात ऐकू येतात. एका बड्या कंपनीला ते आवडले. परंतु 'मृत्यू' हे नाव बदला, अशी तिची अट होती. थोरले डेव्हिड यांनी ती झिडकारली. बंधूंनी स्वखर्चाने एका छोट्या तबकडीच्या अवघ्या ५०० प्रती काढल्या आणि सारे विसरले गेले. २००० मध्ये डेव्हिड कर्करोगाने वारले आणि २००९ मध्ये, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षांनी, ती गाणी एलपी तबकडीच्या रूपाने बाहेर आली. जगातील सर्वांत धनाढ्य संगीतव्यवसाय असलेल्या देशातही असे घडू शकते.

कंबोडियाची कहाणी याहून भीषण. १९६० आणि १९७० च्या दशकांत नॉम पेन्ह येथे सिन सिसामूथ, रोस सेरेसोथिया यांच्यासारख्या गायकांनी देशी गायकी आणि पाश्चात्त्य रॉक यांचा सुंदर मेळ घातला होता. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूजच्या हाती सत्ता गेली आणि चार वर्षांच्या आत त्या पिढीतील बहुतेक कलावंत मृत्युमुखी पडले. लोकांनी जपलेल्या तबकड्या आणि निर्वासितांच्या ध्वनिफिती यांमुळेच त्यांचा आवाज आज ऐकता येतो. झांबियात दारिद्र्याने आणि रोगाने, अमेरिकेत बाजाराने आणि कंबोडियात राजसत्तेने विस्मरण लादले. कारणे तीन, परिणाम एकच.

मुंबईचे दालन

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरविल्या जाणाऱ्या 'सिमला बीट' या अखिल भारतीय स्पर्धेतील बँडांच्या गीतांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या तबकड्या निघाल्या होत्या. शिलाँगपासून मद्रासपर्यंतच्या महाविद्यालयीन तरुणांचे वादन त्यांत आहे. पुढे परदेशी संग्राहकांनी त्यांचा शोध लावला. मुंबईत गाजलेल्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी १९८१ मध्ये निघाली आणि २०११ मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले. ते करणारी कंपनी मुंबईची नव्हे, तर 'विच'चा संच काढणारी लॉस एंजेलिसमधील तीच 'नाऊ-अगेन'.

या वर्तुळातील एक नाव मराठी वाचकांना चांगलेच परिचित आहे. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यक्षेत्रातील दांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईच्या 'वेल्व्हेट फॉग' या रॉक बँडचे गायक. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. त्यानंतर १९७८ मध्ये ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्यांच्या गाण्याने मराठी रंगभूमीला एक अपरिचित, धीट आवाज ऐकविला. रॉक संगीत आणि मराठी नाटक यांच्यामधला तो एक पूल होता. नंदू भेंडे २०१४ मध्ये निवर्तले. त्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला असलेले संगीत किती जणांनी ऐकले आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

येथे कायद्यातील एक उणीव लक्षात घेतली पाहिजे. १९५४ च्या कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन ग्रंथालये यांना देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. त्या कायद्यातील 'पुस्तक' या शब्दाच्या व्याख्येत छापील स्वरलिपीच्या कागदाचाही समावेश होतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकेवर मात्र असे बंधन त्या कायद्याने घातले नाही. म्हणजे गाण्याचे नोटेशन छापले तर ते राष्ट्राची ठेव, आणि तेच गाणे तबकडीवर उमटले तर ते ज्याच्या त्याच्या नशिबावर! फ्रान्सने १९३८ मध्येच राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय स्थापून तबकड्यांच्या प्रती जमा करण्यास आरंभ केला होता. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, हे खरेच. परंतु तबकड्यांची जपणूक प्रामुख्याने हौशी संग्राहकांनी केली. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली रेकॉर्ड संग्राहकांची संस्था हे त्याचे एक उदाहरण.

प्रकाशन-हक्कांचाही विचार व्हायला हवा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. १९७० ची तबकडी म्हणजे २०३० च्या अखेरीपर्यंत कोणा एका मालकाची. मालक ती पुन्हा काढत नाही आणि दुसऱ्याला काढता येत नाही, अशा अवस्थेत मूळ फिती कुजून गेल्या, तर साठ वर्षांनी ती सर्वांची होऊन उपयोग काय? हक्काबरोबर जतनाचे कर्तव्यही यावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

जुने ते सारे सोने असे मात्र कोणी समजू नये. विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांपैकी पुष्कळशा विसरण्याच्याच लायकीच्या असतात आणि दुर्मिळतेलाच गुणवत्ता मानण्याची खोड संग्राहकांना असते. परंतु चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हा निवाडा ऐकून झाल्यावरच करता येतो. जे जपलेच नाही, त्याचा निवाडा ओल, वाळवी आणि रद्दीवाला करतात. 'लेझी बोन्स' आणि 'आफ्रिका' या तबकड्या वाचल्या त्या कोणा संस्थेच्या धोरणामुळे नव्हे. कोणा एका घरातील माळ्यावर त्या पडून राहिल्या आणि कोणी त्या फेकून दिल्या नाहीत, एवढ्यामुळे.

असे माळे महाराष्ट्रातही घरोघरी आहेत. महाविद्यालयाच्या कपाटात स्नेहसंमेलनाच्या जुन्या ध्वनिफिती असतात. कोणा निवृत्त कारकुनाने तरुणपणी एखाद्या वाद्यवृंदात गिटार वाजविलेली असते. त्या फितीवर कोण गात आहे, वर्ष कोणते, साथीला कोण होते, एवढे चार शब्द एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवण्यास फार विद्वत्ता लागत नाही. जगारींच्या सहकाऱ्यांना त्यांच्या हयातीत असे विचारणारे फार थोडे भेटले. विचारण्याजोगी माणसे अजून आसपास आहेत, तोवर ते काम येथे करता येण्यासारखे आहे.